पिशवीनं धरलेली जागा

बँकॉकमधला पहिला दिवस मी हॉटेलच्या खोलीतच काढला. दाराला आतून कडी होती, वर साखळी होती, तरी मी खुर्ची ओढून दाराला टेकवली. घरून आणलेल्या चपात्या शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ल्या आणि दर तासाला पासपोर्ट जागेवर आहे ना ते बघितलं. लोक मला भित्री म्हणतात. मी भित्री नाही. मला फक्त पुढचं वाईट सगळ्यांच्या आधी दिसतं.

तिथं मी हौसेनं गेले नव्हते. मुलीला त्या शहरातल्या एका विद्यापीठात भाताच्या बियाण्यावर पुढचं शिकायला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. आमचे हे मुरबाड-कल्याण जीप चालवतात. बातमी ऐकून आधी हसले. म्हणाले, "भात शिकाया इतक्या लांब? आपल्याकडं काय भात पिकत नाय?" पोरगी हसली नाही, तेव्हा त्यांना कळलं की ही खरंच निघालीय. मग सरळ "नाय" म्हणाले. त्यानंतर बारा दिवस आमच्या किन्हवलीच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

तेराव्या दिवशी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, पोरगी मोठी झालीय, राहील एकटी. ते ताटावरून मान न उचलता म्हणाले, "तू कल्याणच्या पुढं कधी एकटी गेली नायस, आन पोरीची हमी घेतेस? तूच जा की. चार दिवस ऱ्हा त्या शहरात एकटी. काय न हरवता परत आलीस तर पोरगी गेली म्हणून समज."

मी गप्प बसेन असं त्यांना वाटलं होतं. वाटणारच. बावीस वर्षं अशा वेळी मी गप्पच बसत आले होते. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं आणि मी "जाते" म्हणून बसले. पोरीचा घास हातातच राहिला. मी सापगावच्या शाळेत शिकवते, पोरांना आशियाचा नकाशा भिंतीवर दाखवते. दुसऱ्या दिवशी त्याच नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं, आणि पट्टी उचलून पुन्हा एकदा मोजलं. पण शब्द गेला होता, आणि आता माघार घेतली असती तर पोरीचं जाणं माझ्यामुळे बुडालं असतं.

निघताना पोरीनं मोबाइलवर एक यादी पाठवली. 'आईने एकटीने करायच्या गोष्टी.' नदीतून बोटीनं जाणे, अनोळखी माणसाकडून फोटो काढून घेणे, नाव माहीत नसलेलं काहीतरी खाणे, असं एकेक. शेवटची गोष्ट होती, सार्वजनिक गाडीने शहराबाहेर जाऊन उजेडात परत येणे. त्यापुढे तिनं लिहिलं होतं, 'बाबा हेच विचारतील.'

दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. बोटीत बसले. एक बुद्धविहार पाहिला. तिथं शेजारी एक म्हातारी बाई हात जोडून पुटपुटत होती, आणि जरा कान दिल्यावर कळलं की ती त्रिसरण म्हणतेय, बुद्धं सरणं गच्छामि. शब्द आपलेच, फक्त चाल आणि उच्चार तिचे. मीही तिच्या मागोमाग म्हटलं. तेवढी दहा मिनिटं माझं काळीज ठिकाणावर होतं. बाहेर येऊन चपला सापडेपर्यंत ते पुन्हा धडधडायला लागलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, यादीतली शेवटची गोष्ट करायला निघाले. अयुथया नावाची जुनी राजधानी आहे, दीड-दोन तासांवर. तिकडे व्हॅन जातात. तिकीट खिडकीत साधारण माझ्याच वयाची बाई बसली होती. तिनं चिठ्ठी दिली आणि बोटानं पांढरी व्हॅन दाखवली. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा मिळाली. अजून चार-पाच जागा रिकाम्या होत्या. लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाईला गाडीपेक्षा मोठी काळजी एकच असते, वाटेत जायचं कुठं. म्हटलं, गाडी भरतेय तोवर जाऊन यावं.

आता मी जे केलं ते ऐकून आमच्या भागात कोणी हसणार नाही. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जायचं तर एसटी नाही तर जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून बायका सीटवर पिशवी ठेवतात आणि बाजार करून येतात. पिशवी ठेवली की जागा तुमची. त्या जागेवर कोणी बसत नाही, आणि पिशवीचं माणूस आल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. आमचे हे तर हॉर्न वाजवून वाजवून अख्खा स्टँड उठवतील, पण कोणाला मागे टाकून जाणार नाहीत. माझ्या बोटांना ती सवय लागलेली. मी खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवली आणि उतरले. पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलचं कार्ड, बीपीच्या गोळ्या, सगळं त्या पिशवीत. हातात फक्त मोबाइल आणि तिकिटाची चिठ्ठी.

सात-आठ मिनिटांत परत आले. पांढरी व्हॅन तिथंच उभी होती. चढले, तर माझ्या जागेवर कानात वायर घातलेली एक मुलगी. मी म्हटलं, "माझी पिशवी?" तिनं वायर काढली आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे हात घालून सीट चाचपली, वाकून खाली बघितलं. ड्रायव्हर वळला. तो दुसराच होता. व्हॅनसुद्धा दुसरीच होती. माझी केव्हाच गेली होती.

पिशवीचा विचार नंतर आला. आधी डोळ्यांसमोर पोरीचा चेहरा आला, आणि मग ह्यांचे शब्द: काय न हरवता. चार दिवसांतले दोन पार पाडून मी पोरीचं शिक्षण एका सीटवर ठेवून लघवीला गेले होते.

खिडकीशी धावले. शब्द कुठले असणार. मोबाइलवर मराठीत लिहिलं, 'गेलेल्या गाडीत माझी पिशवी आहे, तीत पासपोर्ट आहे,' आणि त्यांच्या भाषेत करून पडदा काचेला लावला. बाईनं वाचलं, माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन नंबर पाहिला आणि फोन उचलला. तिचं बोलणं संपेना. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले, जसं काही ओठ बघून भाषा येते. फोन ठेवून तिनं एक बोट वर केलं आणि प्लास्टिकच्या स्टुलाकडे हात केला. एक म्हणजे एक तास, की एक वाजता, की एक पिशवी सापडलीय, काही उमगेना. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. बसले.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मुरबाडच्या स्टँडवर नंबर लागायची वाट बघताना ते रोज मला फोन करायचे. घेतला नसता तर त्यांनी जीप तिथंच सोडली असती.

"बसलीस काय गाडीत?"

"बसले."

"पासपोर्ट कुठाय?"

"पिशवीत."

"आन पिशवी?"

"हाय."

खोटं नव्हतं. कुठंतरी होतीच. ते म्हणाले, "बरं. सांभाळून जा गो," आणि फोन ठेवला. इतक्या सफाईनं मी खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. आवाजसुद्धा हलला नाही. मी स्टुलावर बसून व्हॅन मोजायला लागले. प्रत्येक व्हॅन पांढरी. प्रत्येक वेळी उठायचं, डोकावायचं, पुन्हा बसायचं. पासपोर्ट गेला तर दूतावास कुठं शोधायचा, त्यांना काय सांगायचं, उद्याचं विमान चुकलं तर घरी काय सांगायचं. एकाचं उत्तर मिळण्याआधी दुसरा प्रश्न उभा.

आणि मग सगळ्यांत वाईट विचार आला. या स्टुलावर माझ्या जागी माझी पोरगी बसलेली दिसली. हात रिकामे, चेहरा पांढरा पडलेला, आणि फोनवर आम्हांला सांगतेय, "हाय, सगळं बरं हाय." तीही आवाज हलू देणार नाही. माझीच पोर ती. त्या स्टुलावर मला खरं रडू आलं ते तेव्हा.

तासाभरानं उलट दिशेनं एक व्हॅन आली. ड्रायव्हरनं काचेतून हात बाहेर काढून माझी पिशवी खिडकीवाल्या बाईकडे दिली आणि तो पुढे गेला. माझ्या ड्रायव्हरनं वाटेत ती त्याच्याकडे सोपवली असावी. बाईनं मला बाहेरच पिशवी उघडायला लावली, पासपोर्टवर बोट ठेवून माझ्या तोंडाशी फोटो ताडून पाहिला, आणि मगच खिडकी लावून जेवायला बसली. मी तिला वाकून नमस्कार केला. अयुथयाला गेले नाही. पिशवी पोटाशी धरून खोलीवर आले आणि पलंगावर बसून राहिले.

पिशवी मिळाली होती. काहीच हरवलेलं नव्हतं. तोंड मिटून राहिले तर मी पैज जिंकलेच होते. दुपारभर तेच मनात घोळत होतं. सांगितलं तर ते म्हणणार, बघ, मी सांगत नव्हतो? आणि पोरगी घरीच राहणार. नाही सांगितलं तर पोरगी इथं येणार, आणि मला दिसलेली ती स्टुलावरची पोरगीही तिच्याबरोबर येणार.

संध्याकाळी फोन लावला. रविवारी ते लवकर घरी येऊन अंगणात जीप धुतात. हात ओले म्हणून फोन स्पीकरवर, आणि पोरगी बादली घेऊन जवळच. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पिशवी सीटवर ठेवली, गाडी गेली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी "हाय" म्हटलं ते खोटं होतं. नळीच्या पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"पिशवी गावली ना तुला?"

"गावली."

"मग नसतं सांगितलंस तर मला कोण सांगाया आलं असतं?"

"कोणी नाय."

"मग सांगितलंस कशाला?"

"तिनं सांगावं म्हणून," मी म्हटलं. "ती हितं असंल तवा तिचं काय हरवलं, काय बिघडलं, तर तिनं पैला फोन तुमाला लावावा म्हणून."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मोबाइल कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग त्यांनी विचारलं, "त्या डायव्हरनं दुसऱ्या गाडीतनं पिशवी धाडली?"

"हो."

"बरा माणूस हाय."

पुन्हा पाणी सुरू झालं. मला वाटलं, संपलं बोलणं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्या पाण्याच्या वरून त्यांचा आवाज आला.

"येताना तिला एक पर्स घिऊन ये. गळ्यातनं आडवी घालतात ना, ती. सीटवर ठेवता येत नाय तसली."