बंदरावरून माहेर

आमच्या सासूबाईंना नकाशा कळत नाही, असं माझा नवरा म्हणतो. मी म्हणते, त्यात कळण्यासारखं आहेच काय? आमच्या देशाचा नकाशा म्हणजे दोन रेल्वे, नि दोन्ही येऊन आमच्या खानावळीसमोर संपतात. एक येते कोरड्या पठारावरून, तिथे जमिनीत लोखंड. दुसरी येते ओल्या डोंगरांतून, तिथे चहाचे मळे. साहेबाला लोखंडही हवं होतं नि चहाही, आणि दोन्ही बोटीत चढवायचं होतं. म्हणून त्यानं दोन्हीकडून बंदरापर्यंत रूळ टाकले. पठारावरच्या माणसाला कधी डोंगरात जावंसं वाटेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. का यावं? त्याची कुठे बहीण दिली होती तिकडे!

सासूबाईंची दिली होती. सासूबाई खाणकामगाराची थोरली लेक, त्या दिल्या इथे बंदरावर. धाकटी दिली डोंगरात, मळ्यावरच्या कारकुनाला. तिचं सासर आणि माहेर यांच्यामध्ये डोंगराची एकच रांग. पण आईला भेटायचं तर आधी गाडीनं खाली बंदरावर यायचं, तेही संध्याकाळी, आणि पठाराची गाडी सुटणार दुसऱ्या दिवशी सकाळी. साहेब गेला, झेंडा बदलला, वेळापत्रक काही बदललं नाही. तेव्हा मधली रात्र आमच्याकडे.

सासूबाईंनी मात्र या द्राविडी प्राणायामाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. वर्षातून एकदा धाकट्या मावशी यायच्या. जाताना एक मुक्काम, येताना एक. खानावळ सोडून सासूबाईंना हलता येत नसे, त्यामुळे बहिणीची भेट म्हणजे तेवढीच. दोघी स्वयंपाकघरात बसून जे खिदळायच्या! मी दटावायची, "अहो, हळू, गिऱ्हाईक झोपलंय," की आणखी हसायच्या.

खानावळ म्हणजे दोन भातांची दोन पातेली. खाणीवरच्यांना भात मोकळा लागतो आणि कालवण झणझणीत. खाली मान घालून जेवतात, पगार झाला असेल तर दुसऱ्यांदा मागतात. मळ्यावरच्यांना भात मऊ हवा आणि गप्पा हव्यात. चांगला चहा सगळा बोटीत जातो, त्यांच्या घरी उकळतो तो चुरा. पण आमच्या चहाला नावं ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. आणि आम्ही बंदरवाले? आमच्याकडे ना लोखंड, ना चहा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या भुकेवर आमची चूल पेटते.

मग बातमी आली की डोंगराची रांग फोडून रस्ता होणार, वरच्या वर थेट बस. बाजारात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समोरचे लॉजवाले शेठ चार जणांना घेऊन सासूबाईंकडे आले.

"वहिनी, बस सुरू झाली की आपण माश्या मारत बसणार. मंत्र्यांना भेटून हे थांबवायला हवं. तुम्ही पुढे व्हा. तुमच्या हातचं जेवला नाही असा एक अधिकारी नाही."

माझा नवरा नंदीबैलासारखा मान हलवत होता. सासूबाई भात ढवळत राहिल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते गिऱ्हाईक नव्हतं. सकाळीच त्यांनी मला विचारलं होतं, "थेट बस झाली तर धाकटी इकडून कशाला येईल गं?" मी म्हटलं, "येतील की!" पण मला खोटं नीट बोलता येत नाही.

"शेठ," सासूबाई म्हणाल्या, "माझी आई नव्वदीला टेकलीय. तिला बघायला माझ्या बहिणीला दोन दिवस लागतात. माझी चूल पेटावी म्हणून तिनं जन्मभर उलटं चालायचं? मी नाही येणार. आणि जरा सरका, भात खाली लागतोय."

"आपल्याच पायावर धोंडा!" नवरा धुसफुसला. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रस्ता झाला. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. उपाशी नाही मेलो. गोदामातल्या लोकांना दुपारचं जेवण पोचवायला लागलो, खलाशी येतच होते. मऊ भाताचं पातेलं तेवढं माळ्यावर गेलं.

आणि एका दुपारी मावशींचा फोन. "ताई, सकाळी बसमध्ये बसले नि जेवायला आईकडे! विश्वास बसतो का तुझा? महिनाभर राहतेय."

"बरं झालं गं बाई," सासूबाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. मग निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसल्या. संध्याकाळी डोंगराची गाडी आली तेव्हा उठून दारात उभ्या राहिल्या. मला बघवेना.

"आई, पिशवी भरा. सकाळची गाडी."

"आणि खानावळ?"

"कुलूप लावू."

"कुलूप? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मालकीणबाई माहेरी गेल्या. आहेत किती आता म्हणायला!"

पूर्वीची गर्दी असती तर माझीही हिंमत झाली नसती. गोदामवाल्यांचं नवऱ्यावर सोपवलं, पातेल्यासकट, आणि मीच सोबत निघाले.

खाणीच्या वस्तीत पोचलो तेव्हा मावशी नळावर होत्या. बादली दिली सोडून आणि ओल्या हातांनीच बहिणीच्या गळ्यात पडल्या. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

आत आजी खाटेवर बसल्या होत्या. त्यांना आता फारसं दिसत नाही. एका लेकीचा चेहरा त्यांनी चाचपला, मग दुसरीचा, मग परत पहिलीचा. आणि त्यांचा हात थांबला.

"दोघी एकदम आलात? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं गं आई," सासूबाई म्हणाल्या. "सहज आलोय."

"जेवायला आलोय," मावशी म्हणाल्या.

आजींना काही केल्या पटेना. पाणी झालं, चहा झाला. मग दोघी चुलीपाशी गेल्याचा कानोसा घेऊन त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी लागून विचारलं, "तू सून ना? या पोरी मला सांगायच्या नाहीत. तू तरी खरं सांग, कोण गेलं?"