जमनाच्या रेडिओवरची हेमाली

आमच्या एडवणात जमनाचा रेडिओ बोंबील वाळवायच्या बांबूला टांगलेला असतो. मी शेजारच्या ओटीवर जाळी दुरुस्त करते, त्यामुळे मला रेडिओही ऐकावा लागतो आणि जमनाही.

त्या सकाळी गाणं मधेच खरखरलं आणि रेडिओतून तिचा नवरा बोलला. वामनच! "हेमाली आलीय रे. कोनाला बोलू नको, गुपचूप ये." पुन्हा खरखर, पुन्हा गाणं.

वामन तेव्हा बोट घेऊन समोरच समुद्रात होता. बोटीवरचा वायरलेस अधूनमधून एफएममध्ये घुसतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण हेमाली? ती किनाऱ्यावर मासळी विकत घ्यायला येते, टापटीप राहते, आणि तिला वजन करून देताना वामनचा हात जरा सैलच असतो, चार मासे जास्तच पडतात. जमनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मग तिला गाणी नकोशी झाली, सगळं लक्ष खरखरीकडे. वामनच्या शर्टाचा वास घेऊन बघायची. शर्टाला मासळीचाच वास येणार, दुसरा कुठून येईल? मी तसं म्हटलं तर माझ्यावरच डाफरली. मला राग आला, पण वाईटही वाटलं. बाईचं जेवणावरून मन उडालं होतं.

शेवटी वामनच्या बोटीवर काम करणाऱ्या देवूला तिने किनाऱ्यावर गाठलं. मी सोबत होतेच.

"देवू, खरं बोल. बोटीवर हेमाली येते?"

देवू हसत वाळूत बसला. "वयनी, हेमाली म्हंजे पापलेट! वायरलेसवर पापलेट बोललं तर सगल्या बोटी आमच्याच जाग्यावर येतील. म्हनून दोस्ताच्या बोटीला बोलवताना बायांची नावं घेतो."

"आन जमना? माजं नाव कशाला?" तिने विचारलं.

देवूचं हसू मावळलं. "जमना म्हंजे... वादळ. जमना उठली बोललं का सगल्यांनी घरा फिरायचं."

मला हसू आवरेना. जमना मात्र वामनशी बोलेनाशी झाली.

मग एका दुपारी वारा फिरला आणि रेडिओतून वामन ओरडला, "जमना उठली रे! घरा चला!"

जमनाने पदर खोचला, बोंबील घरात घेतले आणि चहाचं आधण ठेवलं. दारात जाऊन जाऊन तिचे डोळे समुद्राला लागले.

वामन चिंब भिजून, कुडकुडत आला. तिने कप पुढे केला, पण सोडला नाही.

"वादळाला जमना, ते पटलं. पन पापलेटला हेमालीच का?"

"आदी चा तर दे," वामन म्हणाला.

कप जमनाच्या हातातच राहिला.