फॉर्टीची अठरा काडतुसं

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हर्लीन हॉगस्टॅडला दोन गोष्टी एकाच दिवशी कळल्या. सकाळच्या टपालात तुरुंगखात्याचं पत्र होतं, की लायल स्टॅमर पाच ऑक्टोबरला सुटतोय. आणि दुपारी ती ऑट ब्रेकेच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली, तर फॉर्टीच्या, म्हणजे ०.४० इंची पिस्तुलाच्या काडतुसांचा कप्पा रिकामा होता.

पूर्व मोंटानातल्या त्या काउंटीत तिनं सव्वीस वर्षं शेरीफच्या पोलीस खात्यात डेप्युटी म्हणून काढली होती. एवढ्या वर्षांत माणसावर गोळी झाडली ती एकदाच. चोरलेल्या पिकअपच्या आडून लायलनं तिच्यावर रायफल चालवली, तेव्हा तिनं दोन गोळ्या झाडल्या. एक त्याच्या मांडीत बसली. तो जगला, कोर्टात उभा राहिला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाला, "मी परत येणार आहे." बावीस वर्षांनी आता तो बाहेर येत होता.

तेच फॉर्टीचं पिस्तूल निवृत्तीच्या दिवशी खात्यानं तिला घरी नेऊ दिलं होतं. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. खातं केव्हाच नाइनकडे, म्हणजे नऊ मिलिमीटरकडे, वळलं होतं, जुनी पिस्तुलं कुणाला तरी द्यायचीच होती. एके काळी देशातले निम्मे पोलीस फॉर्टी बाळगायचे. आता नवशिकी पोरंपोरी ते काडतूस हातात घेऊन विचारत, हे कशाचं म्हणून.

"कधी येणार?" तिनं ऑटला विचारलं.

"येईल तेव्हा येईल. साथीच्या वर्षापासनं सगळ्याचीच टंचाई आहे, आणि टंचाईत कारखाने आधी खपतं ते काढतात. म्हणजे नाइन. फॉर्टीचा नंबर वर्षातनं एकदा लागला तर लागला."

"आणि पुढे? बंदच झालं तर?"

ऑटनं चष्मा कपाळावर सरकवला. त्याचं म्हणणं असं, की पोलिसांनी टाकलेली पिस्तुलं लोकांनी स्वस्तात उचलली, ती घरोघरी पडून आहेत, तेव्हा कुणी ना कुणी काडतुसं करत राहणारच. एवढं बोलून तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण ऑटला थांबणं माहीत नव्हतं.

"माझ्या बापाच्या रायफलीबद्दलही असंच म्हणायचे," तो म्हणाला. "तिच्या काडतुसांचा शेवटचा खोका अजून काउंटरखाली आहे. विकायला मन होत नाही."

घरी येऊन तिनं मोजलं. कपाटात अठरा काडतुसं होती. दर मंगळवारी नेमबाजीच्या मैदानावर ती पन्नास झाडत असे. सराव करावा तर काडतुसं संपणार, आणि ती जपावीत तर हाताची सवय जाणार. मनगट तसंही दोन वर्षांपासून दुखत होतं. फॉर्टीचा झटका ते आता सहन करत नव्हतं, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग ती फिरायला लागली. ग्लेनडाइव्हला गेली, माइल्स सिटीला गेली, बिस्मार्कपर्यंत जाऊन आली. सगळीकडे एल्क हरणांच्या शिकारीसाठी आलेल्यांच्या रांगा होत्या, नाइनचे खोके मिळत होते, आणि फॉर्टी म्हटलं की काउंटरवरची माणसं नाही म्हणून मान हलवत. एकानं तर तिला वर सल्ला दिला, "मावशी, बदलून टाका ना आता." गाडीत बसल्यावर तिनं बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

शेरीफ टॅम्सिन रो हिला व्हर्लीननंच कधी काळी शिकवलं होतं. तीही घरी येऊन गेली. तिनं नाइनचं एक पिस्तूल टेबलावर ठेवलं. म्हणाली, "ठेवून तर बघा. निदान गोळ्या तरी मिळतात."

"हाताला हेच ओळखीचं आहे," व्हर्लीन म्हणाली. "ऐन वेळी हातानं विचार करायचा असतो, टॅम्सिन. तूच परीक्षेत लिहिलं होतंस."

टॅम्सिननं पिस्तूल परत नेलं. जाताना एवढंच सांगितलं, की लायल सुटून मोंटानातल्याच सिडनी गावी भावाकडे राहणार आहे. सिडनी तिथून पन्नास मैलांवर.

पाच तारीख आली आणि गेली. साखरबीटाच्या हंगामाचे ट्रक रस्त्यानं धूळ उडवत जायचे. प्रत्येक ट्रक तिच्या फाट्यापाशी वेग कमी करतोय असं तिला वाटायचं. ती जेवण उभ्यानंच उरकू लागली. पिस्तूल ब्रेडच्या डब्याशेजारी राहू लागलं.

एकोणीस तारखेला भरदुपारी एक अनोळखी राखाडी गाडी फाट्यावरून आत वळली. व्हर्लीन स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे उभी राहिली. गाडीतून टोपी खाली ओढलेला एक माणूस उतरला. हातात काहीतरी होतं, चालताना एक पाय किंचित ओढत होता. ती ओरडली, "तिथंच थांब." वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. तो पायरीशी आला. तिच्या पिस्तुलाचं टोक त्याच्या छातीवर होतं आणि बोट चापावर गेलं होतं.

"व्हर्लीन, मी आहे गं," ऑट म्हणाला. "गुडघा धरलाय. बायकोच्या बहिणीची गाडी आणलीय."

त्याच्या हातात फॉर्टीचे दोन खोके होते. एका वारलेल्या पोलिसाच्या विधवेनं कपाट आवरताना ते दुकानात आणून दिले होते. ती खूश होईल म्हणून तो स्वतः चौदा मैल गाडी हाकत आला होता.

तिनं पिस्तूल खाली केलं, त्यातली काडतुसं काढली, ओट्यावर ठेवली. एक घरंगळून खाली पडलं, ते तिनं तसंच राहू दिलं. ऑट खुर्चीत बसला, पण टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही.

"बोट कुठं होतं तुझं?" त्यानं हळूच विचारलं.

"चापावर."

तिनं कॉफी ठेवली. त्यानं खोके तसेच टेबलावर सोडले आणि कॉफी अर्धी पिऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती शेरीफच्या कचेरीत गेली. आधी झालेलं सगळं सांगितलं, बोटासकट. मग मनगटाचंही सांगितलं. टॅम्सिननं तिला बोल लावला नाही. त्याच दुपारी दोघी मैदानावर गेल्या. नाइनच्या पिस्तुलातून व्हर्लीननं पन्नासांतल्या सेहेचाळीस गोळ्या निशाण्यावर घातल्या, आणि गाडी घरी नेताना मनगट ठणकलं नाही. याचा आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त हलकं वाटलं, आजारपणानंतर वाटतं तसं.

लायल आला नाही. हिवाळ्यात टॅम्सिननं सांगितलं, की तो साखर कारखान्यात काम करतो, सुटकेच्या अटीप्रमाणे नीट हजेरी देतो, फारसा बोलत नाही. व्हर्लीन अजूनही जाळीच्या दाराला कडी घालते. पण वळणाऱ्या गाडीला आता आधी हात करते, आणि पिस्तूल ब्रेडच्या डब्याशेजारी नसतं.

डिसेंबरात फॉर्टीचा माल आला. ऑटनं फोन करून सांगितलं, की वीस खोके आलेत, पुढच्या वर्षी येतील का ते कारखान्यालाही माहीत नसावं, तुझ्यासाठी किती ठेवू?

"एक," ती म्हणाली. "आणि तुझा गुडघा कसा आहे?"