चार्ज कुनाकडं हाय?

मला उस्तादांनी उभं केलं. काय झालं, कसं झालं ते पुढं येईलच, पण आधी त्यांचं नाव घ्यायला पाहिजे म्हणून घेतलं. खरं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. केजमध्ये पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या मिस्त्रीला असंही सगळे उस्तादच म्हणतात.

दुकानात काही हरवलं, फुटलं, बिघडलं की ते हात पाठीमागं बांधायचे, छाती काढून उभे राहायचे आणि विचारायचे, "चार्ज कुनाकडं हाय?"

म्हणजे जबाबदारी कुणाची. कुणी केलं, असं कधीच नाही. चहाचा ग्लास फुटला तरी चार्ज. एकदा वहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, डबा घेऊन आल्या. भाजीत मीठ नव्हतं. उस्तादांनी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मिठाचा चार्ज माज्याकडं हाय. गपचिप खावा."

ही भाषा त्यांनी पलटणीतून आणली होती. असे लोक तुम्हीही पाहिले असतील, फक्त ओळखले नसतील. उस्ताद प्रादेशिक सेनेत आहेत. म्हणजे पोटापाण्याचा धंदा आपला आपण करायचा, दरवर्षी दोन महिने वर्दी घालून सरावाला जायचं आणि सरकारनं बोलावलं तर जास्तही राहायचं. दहा महिने तांब्याच्या तारेशी झटणारा माणूस दोन महिने बंदूक घेऊन पळायचा. जाताना मिशी कोरलेली असायची, येताना पोट आत गेलेलं असायचं.

गिऱ्हाइकांना हे पटायचं नाही. बोलावणं आलं की नेमक्या त्याच आठवड्यात मोटारी जळायच्या. "देश सांबाळायला लई लोक हायेत उस्ताद, आमची मोटार कोन सांबाळंल?" असं तोंडावर विचारायचे. पाठीमागं 'अर्धा फौजी' म्हणायचे. ते उस्तादांना ठाऊक होतं. "अर्धा न्हाई बे," ते मला म्हणायचे, "दुप्पट. दोन्हीकडं हजेरी लागती माजी."

मी चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं बोअरच्या गाडीवर कामाला लागलो आणि गाव मागं राहिलं. मांजरसुंब्याला काविळीनं पडलो तेव्हा गाडी मला ढाब्याच्या बाजेवर ठेवून पुढं गेली. तिसऱ्या दिवशी ढाब्याची मोटार बघायला उस्ताद आले. मोटार राहिली बाजूला, आधी मला खालीवर बघितलं.

"ह्यो कुनाच्या चार्जात हाय?"

"कुनाच्याच न्हाई," ढाबेवाला म्हणाला.

"मग माज्या."

याला सहा वर्षं झाली.

मी येण्याआधी ते सरावाला गेले की शटर खाली यायचं. परत येईपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडं गेलेली असायची. मला काम आल्यावर ते मला चार्ज देऊ लागले. तोही पलटणीच्या रीतीनं. वहीत यादी करायचे, एकेका वस्तूवर हात ठेवून मोठ्यानं वाचायचे आणि मी "मिळाली" म्हणायचं.

"पक्कड, दोन, चालू."

"मिळाली."

"माठ, एक, चीर गेलेला, पानी धरतो."

"मिळाला."

"पंखा, एक, बोंबलतो, पर चालू."

पंख्यालाही मी "मिळाला" म्हटलं. हसलो असतो तर यादी पहिल्यापासून सुरू झाली असती.

यंदाचं बोलावणं मात्र सरावाचं नव्हतं. उन्हाळा तोंडावर होता आणि कागदावर परत कधी यायचं ते लिहिलेलं नव्हतं. उस्तादांनी कागद चारदा घडी घालून खिशात ठेवला.

"दुकान उघडं ऱ्हायलं तर मी दोन्हीकडं ऱ्हाईन," ते म्हणाले. "दुकान बसलं तर वर्दी जमा करून येईन. घर चालायला पायजे ना बे."

चौदा वर्षांची वर्दी होती ती. आता ती माझ्या पकडीवर टांगलेली. यादी अर्धी वाचून होते न होते तोच बाहेर जीपवाला हॉर्न मारायला लागला. उस्तादांनी वही माझ्यापुढं सरकवली. मला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. तेवढा वेळ नव्हता. मी तळाला सही केली.

अकराव्या दिवशी जवळच्या एका गावातली पिण्याच्या पाण्याची मोटार आली. गावात पाणी सोडणारे आबा टेम्पोतून घेऊन आले. "टाकीत चार दिवसाचं पानी हाय," ते म्हणाले. "पाचव्या दिवशी बाया हंडे घिऊन तुज्या दारात येतील. मी बी त्यांच्या मागं लपून येईन."

आमच्या कामात एक गोष्ट पहिली असते. मोटारीतली जळालेली तार काढण्याआधी तिचे फेरे मोजून वहीत लिहायचे. नवी तार तेवढीच भरायची. फेरे कमी भरले तर मोटार पुन्हा जळते, जास्त भरले तर पाणी वर येत नाही. उस्तादांनी हे मला शंभरदा सांगितलं असेल, "आदी मोज, मंग वड."

मला बायांचे हंडे दिसत होते. मी आधी ओढली. सगळी तार ओढून झाली, पोतं भरलं, लिहायला वही उघडली आणि पान कोरं. आबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना म्हटलं, "सामान येतंय."

उस्तादांचा फोन दिवसभर जमा असतो, संध्याकाळी अर्धा तास हातात मिळतो. साडेसहाला लावला.

"उस्ताद, चूक झाली."

"कोन मेलं?"

"कोन न्हाई. फेरे न मोजता तार वडून काढली. गावच्या पान्याची मोटार हाय."

पलीकडं कुणीतरी शिट्टी फुंकली.

"चार्ज कुनाकडं हाय?"

"माज्याकडं."

"मग रडतो कावून? रडायचा चार्ज दिलता का मी? तार समदी पोत्यात गेली?"

"एका खाचेतल्या तारेचं अख्खं भेंडोळं खिळ्याला हाय. पोतं भरलं म्हनून ऱ्हायलंय."

"हां. समद्या खाचांत फेरे सारखेच असत्यात, मग लई न्हाई बिघडलं. सुतळी घे. मोटारीत एक फेरा जसा बसतो तशी सुतळी लाव आन् तेवढीच काप. मंग त्या सुतळीनं भेंडोळ्याची तार मापत जा. जेवड्या सुतळ्या तेवडे फेरे. तुला भागाकार येत न्हाई ना?"

"न्हाई."

"लागत बी न्हाई."

त्यांचा अर्धा तास संपला असावा, फोन कटला.

मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा बेचाळीस. तरी चौथ्यांदा मोजली. दोन दिवसांत तार भरून झाली, तिसऱ्या दिवशी मोटार विहिरीत सोडली. पाइपातून आधी गंज आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. आबांनी ओंजळ भरून प्यायलं आणि मिशा पुसत म्हणाले, "फौजीला सांग, गावाचा सलाम हाय म्हनून." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते बरोबरच होतं. अर्धा फौजी मात्र त्या दिवसापासून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दुकानात येऊन वहीत बेचाळीस लिहायला बसलो. आता घाई नव्हती, म्हणून मागं जाऊन चार्जाची यादीही वाचून काढली, एकेक अक्षर लावत. पंख्याच्या खाली शिडी होती, शिडीखाली वजनकाटा. आणि सगळ्यात शेवटी, माझ्या सहीच्या अगदी वर, उस्तादांच्या अक्षरात एक ओळ होती.

"मानूस, एक. घाबरट, पर चालू."

म्हणजे माझाही चार्ज मीच घेतला होता. न वाचता.

उस्ताद अजून आलेले नाहीत. मुदत वाढली, एवढंच कळलंय. वहिनी डबा घेऊन येतात आणि जेवलास का हे विचारायच्या आधी विचारतात, "उगडलंय न्हवं येळंवर?" मी हो म्हणतो. तेवढंच त्या फोनवर उस्तादांना कळवतात. बाकी ते काही विचारत नाहीत म्हणे.

बाजेवरच्या माणसाला कुणी तरी आपल्या चार्जात घेतं, याची परतफेड कशानं करायची ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण एक दिवस उस्ताद जीपमधून उतरतील, तेव्हा शटर वर असेल. मी वही घेऊन उभा राहीन आणि यादी मोठ्यानं वाचीन. त्यांनी प्रत्येक वस्तूला "मिळाली" म्हणायचं. पक्कड, माठ, बोंबलता पंखा. आणि शेवटच्या ओळीतला 'घाबरट' तोवर मी माझ्या हातानं खोडलेला असेल. तो शब्द तसाच ठेवून मी त्यांना चार्ज परत देणार नाही.