मास्तरांनी टाळलेला धडा

आमचे अंबादास मास्तर स्वभावाने गरीब, पण इंग्रजीच्या बाबतीत महाकडक. दिवसा कुर्ल्याला गोदामात कारकुनी, संध्याकाळी घाटकोपरच्या आमच्या एका खोलीत दहावीच्या मुलांचा क्लास. मी त्यांची बायको, मालन. मला उदाहरणात ओढायची त्यांना भारी हौस.

"आत भांडी आपटतायत, म्हणजे मालनबाई मस्ट बी अँग्री. पक्की खात्री, म्हणून मस्ट. नुसता अंदाज असेल तर मे. त्याहून कमी, तर माइट."

पोरं खिदळायची. मी खरंच चिडायचे.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर समोरच्या खोलीतली जानकी इंग्रजी पत्र घेऊन आली. तिचा नवरा जयवंत मालवाहू जहाजावर खलाशी होता, महिनाभर त्याची खबर नव्हती. कंपनीचं पत्र मास्तरांनी दोनदा वाचलं.

"वादळात जहाजाचा पत्ता लागत नाहीये," ते म्हणाले. "बुडालं असेल कदाचित. पण कोणी वाचलंही असेल."

ती गेल्यावर मी विचारलं, "अहो, खरं काय लिहिलंय?"

"मस्ट लिहिलंय. जहाज बुडालंच असणार. कोणी वाचणं शक्यच नाही."

"मग सांगा की तिला!"

"सांगतो गं. आठवडाभर सावरू दे."

कसलं सावरणं अन् कसलं सांगणं! आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. जानकी रोज कुंकू लावून पाण्याला जायची, जयवंतचे शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवायची. मी एवढी तोंडाची फटकळ, पण तिच्या कपाळाकडे पाहिलं की माझीही जीभ उचलायची नाही.

मग एक दिवस ती क्लासलाच आली. "मला शिकवा, मास्तर. त्यांना शोधा म्हणून कंपनीला मीच पत्र लिहिते."

पोरांच्या मागे बसून ती भराभर शिकली आणि इकडे मास्तरांची वाट लागली. तो खात्री-अंदाजाचा धडा आला की यांचं डोकं दुखायचं. तेवढी पानं सोडून पुढे जायचे आणि पोरांना रविवारी सकाळी वेगळं बोलावून तो शिकवायचे. मला संताप यायचा आणि कीवही यायची.

चौऱ्याऐंशीच्या नवरात्रातल्या रविवारी जानकी घावणे द्यायला म्हणून आली. मास्तर तोच धडा शिकवत होते. दारात उभं राहून तिने सगळा ऐकला, घरी गेली आणि कंपनीचं ते पत्र घेऊन परत आली. एकेका शब्दावर बोट ठेवत तिने ते सगळ्यांसमोर वाचलं. मस्टपाशी बोट थांबलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"जानकीबाई, तुम्ही कोसळला असता म्हणून मी..."

"कोसळले असते नि उठले असते! दोन पितृपक्ष गेले, मास्तर. घरात सासऱ्यांचं पान वाढलं, आजेसासऱ्यांचं वाढलं. ह्यांचं नाही वाढलं. जिवंत माणसाचं पान कोण वाढतं?" तिचा आवाज फुटला. "दोन वर्षां उपाशी आसत ते!"

पोरं दप्तरं उचलून एकेक करत निघून गेली. जानकी माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुम्हालाही माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.