लिफ्टवाल्या काकांची दाढ

दातांच्या दवाखान्यात जन्मात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला तयार करणं, हे माझं काम. नाव-गाव विचारायला बाहेर टेबलावर एक मुलगी आहे, दात बघायला आत मॅडम आहेत, आणि दोघींच्या मधल्या खोलीत मी. माझ्या खोलीत दवाखान्यातलीच एक जुनी खुर्ची आहे. तिला आता दिवा नाही, यंत्र नाही, वर-खाली तेवढी होते. नव्या माणसाने आधी तिच्यात बसायचं. मागे टेकायचं, तोंड उघडायचं, नाकाने श्वास घ्यायचा, चूळ भरून थुंकायचं आणि घरी जायचं. याला आम्ही सरावाचा दिवस म्हणतो.

पोरांचं सोपं असतं. हातात आरसा द्यायचा, आधी बाहुलीचे दात मोजायचे, मग आईचे, मग त्यांचे. अवघड असतात त्या आया. घरून निघतानाच पोराला सांगून आणतात, "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." अहो, मग ते पोर तोंड उघडेल कशाला? माझ्या डोक्यात तिडीकच जाते. मी तोंडावर सांगते, बाई, घरी पोराला मांडीवर आडवं घ्या, चमच्याच्या दांड्याने दात मोजा, आणि 'काही दुखणार नाही' अशी थाप मारू नका. दुखलं की ते डॉक्टरला नाही, तुम्हाला खोटं ठरवेल. मोठ्यांना वेगळं सांगायचं असतं. पोटभर जेवून या, रोजच्या गोळ्या चुकवू नका, आणि साठी उलटली असेल, दाढ काढायची असेल, तर सोबत कुणीतरी आणा. ही शेवटची अट मॅडमची. एक गृहस्थ दाढ काढून एकटेच निघाले आणि जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून मॅडमनी कानाला खडा लावला. सोबत नाही तर दाढ काढणं नाही.

लिफ्टवाले काका आले ते गाल धरूनच. पासष्टीचे असतील, शर्टाला कडक इस्त्री, गळ्यापर्यंत बटणं. सगळं आयुष्य एका उंच ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवण्यात गेलं, आता घरीच असतात, एवढं त्यांनी सांगितलं. मी खुर्ची वर घेतली तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कितवा मजला?" मला हसू आवरेना. मॅडमनी दाढ बघितली, फोटो काढला. दाढ मुळापर्यंत सडलेली, खाली पू. गोळ्या देते, पण आठवड्याच्या आत काढायलाच हवी, नाहीतर सूज जबड्यात उतरेल आणि मोठ्या इस्पितळात धाडावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

"सोबत कोण येईल?" मी विचारलं.

"आहे ना भाचा," काका म्हणाले.

ठरल्या दिवशी काका वेळेच्या आधी हजर. एकटेच. भाच्याला म्हणे अचानक कामावर बोलावलं. पुढच्या खेपेला भाच्याला ताप होता. त्याच्या पुढच्या खेपेला भाच्याचा पाय मुरगळला. या भाच्याला काय साडेसाती लागली होती कोण जाणे. मी मनात म्हटलं, काका, मला शिकवता होय? पाचावर धारण बसलेली मोठी माणसं मी रोज बघते. पोरं रडून मोकळी होतात, मोठी माणसं भाचे आजारी पाडतात.

म्हणून मी त्यांची भीती घालवायच्या मागेच लागले. आलात ना, मग बसा खुर्चीत, करा सराव. आरसा दिला, बाहुली दिली. काकांनी कुरकूर केली नाही. बाहुलीचे दात मन लावून मोजले, चूळ भरली, थुंकले, हात जोडून निघाले. घरीही आरशासमोर तोंड उघडून बसतो म्हणाले. दुखत असूनही त्यांना गप्पा मारायच्या असायच्या.

"दिवसभर माणसांचा राबता असेल तुमच्या लिफ्टमध्ये," मी एकदा म्हटलं.

"तर. सगळ्यांना ओळखायचो मी. हा पाचवा, ही आठवी, ते म्हातारे शेवटच्या मजल्याचे. त्या आठवीचं लग्न माझ्यासमोर झालं, माझ्यासमोर तिचे केस पिकले."

"आणि ते लोक तुम्हाला काय म्हणायचे?"

काकांनी जरा आठवून बघितलं. "मजला सांगायचे," ते म्हणाले.

मग एका सकाळी ते आले तेव्हा गाल डोळ्यापर्यंत चढलेला. तोंड धड उघडत नव्हतं. मॅडमचा पारा चढला. उद्या दाढ निघाली नाही तर मी हात लावणार नाही, म्हणाल्या. त्या आत गेल्यावर मीही काकांना फैलावर घेतलं. "त्या भाच्याचा नंबर द्या मला. मीच त्याची हजेरी घेते. मामाचा जीव चाललाय आणि हा पाय धरून बसलाय!"

"नको, नको," काका म्हणाले. "उद्या आणतो. नक्की."

दुसऱ्या दिवशी भाचा आला. चाळिशीचा माणूस, खांद्याला भलीमोठी पिशवी, सारखं घड्याळाकडे बघणारा. पायाने चांगला ठणठणीत होता. मॅडमनी काकांना जबडा बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि ते चढेपर्यंत शेजारच्या पेशंटकडे गेल्या. मी बाहेर येऊन भाच्याला घरी घ्यायची काळजी सांगू लागले. कापसाचा बोळा तासभर दाबून धरायला लावा, आज गरम काही देऊ नका, रात्री उशी उंच द्या.

"काका कोणत्या कुशीवर झोपतात?" मी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा ना, ताई," तो म्हणाला. "मी त्यांच्या इमारतीत पार्सलं पोचवतो. सही इथे करा, यापलीकडे आमचं कधी बोलणं नाही. म्हणाले, तासभर येऊन बस, कुणी विचारलं तर हो म्हण."

"आणि भाचा?"

"मी भाचा आहे हे मलाही आज सकाळीच कळलं."

मी तरातरा आत गेले. "काय हो काका, इतक्या दिवसांच्या थापा? सरळ सांगायचं होतं, भीती वाटते म्हणून. कुणी खाणार होतं का तुम्हाला?"

काकांचा अर्धा ओठ बधिर झाला होता. ते सावकाश, एकेक शब्द जपून बोलले.

"बाई, भीती पहिल्याच दिवशी गेली. तुम्ही तोंड उघडायला शिकवलंत, श्वास घ्यायला शिकवलंत, सगळं जमलं. सोबत आणा म्हणालात, ते जमेना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. जुन्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो मी लिफ्टपाशी. आता बटणाची लिफ्ट आहे. पाचवा आला, आठवी आली. मला वाटलं, थांबतील. दार उघडलं तसे आत गेले."

मी बाहेर जाऊन पार्सलवाल्याला मोकळं केलं. मॅडम परत आल्या, हातमोजे चढवता चढवता नेहमीप्रमाणे विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि दिवा खाली ओढला.

दाढ निघाली. मी अर्धी रजा टाकून त्यांना बसने घरी सोडलं. दार उघडून ते बाजूला झाले, हात लांब करून मला आधी आत जाऊ दिलं. खोली स्वच्छ होती, भांडी पालथी घातलेली. तोंडात बोळा, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. रक्त थांबेपर्यंत आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. निघताना मी पुन्हा येईन म्हटलं. जातेही अधूनमधून.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी कुलूप काढलं आणि पंख्याखाली बसले. मुलगी लांब असते, फोन करते, कामात असते. उद्या माझी दाढ काढायची म्हटली तर मी कुणाला नेणार? बसल्या बसल्या ओळखीची सगळी माणसं आठवून पाहिली. या घरात मला एकटं वाटतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

आता मोठ्यांना सांगताना मी बोलणं बदललंय. सोबत कुणी असेल तर आणा, नसेल तर मला हळूच सांगा, लाजू नका. मला वाटलं होतं, वर्षातून एखादा निघेल. दर आठवड्याला कुणीतरी कानाशी येतं.

परवा एक आजी आल्या होत्या. दोन मुलगे, सुना, नातवंडं, बाहेरच्या बाकावर बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, "तुम्हाला काय सांगायचं आजी, तुमची तर सोबत भरपूर आहे." आजींनी माझं मनगट धरून मला जवळ ओढलं, एकदा दाराकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही बसाल का माझ्याजवळ?"