काकूंच्या तोंडची भाषा

इस्त्रीवाल्या काकूंच्या मागच्या खोलीत परदेशी भाडेकरू येणार, ही बातमी तो येण्याच्या दोन दिवस आधीच गल्लीत पोचली होती. काकूंचं घर म्हणजे पुढे इस्त्रीचं दुकान, मध्ये स्वयंपाकघर आणि मागे ती खोली. दुकानात एक लांबलचक टेबल, त्यावर घोंगडीच्या तीन घड्या, भिंतीशी गिऱ्हाइकांची गाठोडी. सकाळी सातला काकू इस्त्री हातात घ्यायच्या आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडाचा पट्टाही सुरू व्हायचा. दोन्ही एकदमच तापतात, असं गल्लीचं मत होतं.

काकूंचे यजमान पाणीखात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या जिन्याखाली ओणवं होऊन मीटरचे आकडे वाचण्यात त्यांची नोकरी गेली, म्हणून सगळे त्यांना मीटरकाका म्हणायचे. ते स्वभावानेच अबोल, आणि काकूंशी लग्न झाल्यावर बोलायची गरजही उरली नव्हती.

भाडेकरू आला तो तेवीस वर्षांचा, काटकुळा, मानेपर्यंत लाल झालेला. धर्मप्रचारासाठी त्याला इकडे पाठवलं होतं. नाव होतं त्याला, पण ते उच्चारताना काकूंची कवळी जागची हलायची. म्हणून पहिल्याच दिवशी तो ‘धाकटा पाद्री’ झाला.

निघताना त्याच्या वरिष्ठांनी त्याला एक नियम घालून दिला होता: यजमानाने ताटात जे वाढलं ते संपवायचं, कणभरही टाकायचं नाही, टाकणं म्हणजे अपमान. इकडे काकूंचाही एक नियम होता, आईकडून आलेला: पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की पाहुणा अजून उपाशी आहे.

या दोन नियमांची गाठ पहिल्याच दुपारी पडली. काकूंनी भात वाढला, त्यावर भोपळ्याची भाजी घातली. मीटरकाकांना भोपळा फार आवडतो म्हणून तो घरात एक दिवसाआड असायचाच. पाद्रीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. काकूंनी पुन्हा वाढलं. त्याने पुन्हा संपवलं. चौथ्या खेपेला त्याने दोन्ही हात छातीशी धरले आणि पुस्तकात शिकलेलं वाक्य सावकाश म्हटलं, “मला याची अधिक आवश्यकता भासत नाही.”

काकूंना ती त्याची प्रार्थना वाटली. त्यांनी हात जोडले, ती संपेपर्यंत भक्तिभावाने थांबल्या आणि मग पाचव्यांदा वाढलं.

“कुठल्या दुष्काळातनं आलंय लेकरू कोण जाणे,” त्या रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या. मीटरकाकांनी मान हलवली.

महिनाभरात पातेलं बदललं, मोठं आलं. मग शेजारच्या शिंपीणबाईंकडून त्याहून मोठं आलं. पाद्रीच्या शर्टांना इस्त्री काकूच करायच्या. बटणं ताणून काजं फाकली आहेत हे त्यांना दिसत होतं, पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीने लावला. “बघा, कसा बाळसं धरतोय!” असं म्हणून ते शर्ट त्यांनी शिंपीणबाईंकडे सैल करायला टाकले. शिंपीणबाईंनी शिवण उसवली, पुढच्या महिन्यात पुन्हा उसवली, आणि मग बगलेत वेगळ्या रंगाची पट्टी घातली.

पुस्तकातली भाषा गल्लीत कोणाला कळत नाही हे पाद्रीच्या लवकरच ध्यानात आलं. ते पुस्तक त्याने पेटीत ठेवलं आणि जिवंत भाषा ऐकायला तो दुकानातल्या स्टुलावर वही घेऊन बसू लागला. जिवंत भाषेचा तिथे तोटा नव्हता. काकू बोलत, तो लिहून घेई. मुलगा मोठा हुशार. चार महिन्यांत तो घडाघडा बोलायला लागला. अडचण एकच होती, की बोलायचा तो काकूंसारखा.

“मी जरा बाहेर जाऊन येते,” तो सांगायचा. “दमले बाई आज.” काकूंच्या हे लक्षातच आलं नाही, कारण त्यांना ते सगळं अगदी बरोबर वाटायचं. पुरुषमाणसाला हाक कशी मारायची हे त्याने काकू नवऱ्याला मारत त्यावरून उचललं होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला पन्नाशीचा ब्रह्मचारी. त्याच्या काउंटरवर कोपर टेकून पाद्री एकदा म्हणाला, “अहो, ऐकलंत का? केव्हाची उभी आहे मी. पोट नुसतं गुबारलंय, काहीतरी द्या ना!” औषधवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने पाचकाची गोळी तर दिलीच, वर आल्याची वडी दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो दाढी करून दुकानात येऊ लागला.

मग तो रविवार उजाडला. पाद्रीने पहिलं प्रवचन द्यायचं ठरवलं होतं. जागा निवडली नळाची, कारण सकाळी तिथे सगळी गल्ली जमायची. त्या नळावर रांग अशी कधी लागतच नसे. ज्याचा कोपर कडक त्याची बादली पुढे. पाद्रीने कपडे धुवायचा एक दगड पाहिला, त्यावर चढला आणि घसा साफ केला. देव किती दयाळू आहे आणि आपण एकमेकांशी कसं वागावं, एवढं दोनच मुद्द्यांचं त्याला सांगायचं होतं.

काकू तेव्हा इस्त्रीचे कपडे पोचवायला तिकडूनच चालल्या होत्या. आवाज ऐकून थबकल्या.

“अहो, लक्ष आहे का कुणाचं?” पाद्री म्हणत होता, कमरेवर हात ठेवून. “घसा कोरडा करून सांगतेय मी! वर एक जण बसलेत, त्यांना सगळं दिसतं. तुम्हाला वाटतं नाही दिसत. दिसतं! काल ती हिरवी बादली मध्येच कोणी घुसवली, तेही दिसलंय त्यांना. माफ करतात ते, मोठं मन आहे त्यांचं. मी असते तर केव्हाच उन्हात उभं केलं असतं एकेकाला! आता हसताय काय दात काढून? सरका! एकामागे एक! मेलं सांगून सांगून तोंड दुखलं माझं!”

आधी लोक पोट धरधरून हसले. मग हसणं विरलं. हिरव्या बादलीची मालकीण मुकाट्याने मागे जाऊन उभी राहिली. तिच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पाच मिनिटांत नळापासून औषधाच्या दुकानापर्यंत सरळ रांग लागली. या आवाजापुढे कोणाचं काही चालत नाही हे सगळ्यांना वर्षानुवर्षांच्या सरावाने ठाऊक होतं. तो कोणाच्या तोंडून येतोय याने फरक पडला नाही.

शिंपीणबाई काकूंच्या कानाशी लागल्या. “काकू, अगदी पोटचा वाटतो हो!”

काकू तिथूनच मागे वळल्या. कपडे न पोचवताच घरी आल्या. मीटरकाका खिडकीशी बसले होते. त्यांच्यासमोर उभ्या राहून काकूंनी विचारलं, “अहो, मी अशी बोलते?”

मीटरकाकांनी बराच विचार केला. “नाही,” ते म्हणाले. “तो मध्ये श्वास घेतो.”

काकूंच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी तोंड मिटलं. सोमवारी त्या बोलल्या नाहीत, मंगळवारी बोलल्या नाहीत. दुकानात नुसता पाणी शिंपडल्याचा आणि वाफेचा आवाज. गिऱ्हाइकं घाबरून कुजबुजत कपडे देऊन जाऊ लागली. पाद्री वही उघडून स्टुलावर बसायचा, तासाभराने कोरी वही मिटून उठायचा. काकूंना राहून राहून एकच दिसत होतं: दगडावर उभा, कमरेवर हात, आणि तो आवाज. गल्ली घाबरली होती. म्हणजे गल्ली रोजच घाबरत होती की काय? आणि हे खिडकीशी बसलेले?

दोन दिवस काकूंनी त्याच्यासाठी शिगोशीग भरलेलं ताट नुसतं झाकून ठेवलं होतं; बुधवारी दुपारी पाद्री त्यांच्यासमोर जेवायला बसला. काकूंनी भात वाढला, भोपळा वाढला आणि काही न बोलता पातेल्यावर झाकण ठेवलं. ‘घे अजून’ म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. पाद्रीने ताट संपवलं. वाट पाहिली. पातेल्याकडे पाहिलं. झाकण तसंच होतं. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तीन दिवसांचं मौन एका क्षणात सुटलं. “काय रे, काय झालं? तिखट लागलं का?”

“नाही,” पाद्री हुंदके देत म्हणाला. “मी सुटले, काकू! एकाच ताटात सुटले!”

मग त्याने सगळं सांगितलं. वरिष्ठांचा नियम, गोळ्या, उपाशी राहून काढलेल्या सकाळी, बगलेतली पट्टी. काकूंचे डोळे पांढरे झाले.

“अरे, मग नको म्हणायचं की!”

“काय म्हणायचं?”

“नको!”

त्याने घाईघाईने वही काढली आणि ‘न’चं पान उघडलं. नळ, नवरा, नालायक, निघा, नीट. खाली ‘नकोस’ होतं, तेही भरपूर: लोळू नकोस, पसरू नकोस, मध्ये मध्ये करू नकोस. पण नुसता, सुटा ‘नको’ कुठेच नव्हता.

“हा शब्द या घरात मी ऐकलाच नाही,” पाद्री म्हणाला. “कोणी बोलतच नाही.”

काकूंनी वही हातात घेऊन ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हता. तेवढ्यात खिडकीकडून कोणीतरी अडखळत म्हणालं, “नको.”

दोघांनी वळून पाहिलं. मीटरकाका आपल्या ताटाकडे बोट दाखवत होते. “मला भोपळा नको.”

“काय?”

“मला भोपळा आवडत नाही.”

“एकतीस वर्षं झाली लग्नाला!” काकू किंचाळल्या. “आज सांगताय?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, आवडला का. मी विचार करत होतो, तेवढ्यात तू वाढलास.”

काकू मटकन खाली बसल्या. हसावं की रडावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं. मग उठल्या, शिंक्यावरचा उरलेला अर्धा भोपळा उचलला आणि थेट शिंपीणबाईंच्या दारात नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून मीटरकाकांना वाचा फुटली. साठवलेलं खूप होतं. कुठल्या जिन्याखाली कुत्रं चावलं, कुठल्या घरात मीटरवर लोणच्याची बरणी ठेवायचे, सगळं तारीखवार. काकू इस्त्री फिरवत ऐकायच्या आणि जीभ दाताखाली धरायच्या. दिवसातून दोन-चार वेळा ती सुटायचीच. पाद्री आता काकांपाशी बसू लागला आणि चार दिवसांत ‘मी जातो, मी जेवतो’ म्हणायला लागला. अर्धं ताट झालं की ‘नको’ म्हणायचा, इतक्या प्रेमाने की काकूंना वाईट वाटायचं नाही.

पण पुढच्या रविवारी दगडावर चढून तो गोड आवाजात म्हणाला, “बंधूंनो, मी आपणास विनंती करतो,” आणि तिकडे नळावर दोन बादल्यांची टक्कर झाली. संध्याकाळी गल्लीतली चार माणसं काकूंकडे आली. पुढे औषधवाला होता, दाढी केलेला.

“काकू, त्याला पहिल्यासारखं बोलायला सांगा. आठवडाभर पाणी सुरळीत मिळालं हो!”

“मला काय सांगता? मी सोडलंय तसं बोलणं.”

“तुम्ही सोडलंत तरी चालेल,” औषधवाला म्हणाला. “त्याने सोडून कसं चालेल?”

शेवटी काकूंनीच त्याला बसवून तालीम दिली. रविवारी सकाळी अर्धा तास नळावर काकूंसारखं, बाकी आठवडा काकांसारखं. “हात कमरेवर, असा नाही, जरा वर,” त्या शिकवायच्या. “आणि श्वास घेऊ नकोस.”

वर्ष भरत आलं तेव्हा त्याचे वरिष्ठ पाहणीला आले. किती लोकांनी धर्म स्वीकारला, त्यांनी विचारलं. कोणीच नाही, पाद्रीने खरं ते सांगितलं. वरिष्ठांनी रविवारची सभा पाहिली. दीडशे माणसं एका ओळीत, शांत, एकमेकांना पुढे जा म्हणताहेत. त्यांना भाषा येत नव्हती, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा प्रभाव आपण कुठे पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी पाद्रीला दुसऱ्या मोठ्या गावी बढतीवर पाठवायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी काकूंनी त्याचे चारही शर्ट कडक करून दिले. बस सुटेपर्यंत त्या त्याला सूचना देत होत्या: पाणी उकळून पी, खिडकीत डोकं ठेवून झोपू नकोस, तिकडची बाई जास्त वाढायला लागली तर लगेच सांग. मीटरकाका शेजारी उभे राहून बसच्या चाकांमधल्या हवेबद्दल काही सांगत होते. पाद्री दोघांचंही ऐकत होता, मान दोन्हीकडे हलवत.

आता त्या खोलीत परिचारिकेचं शिक्षण घेणारी एक मुलगी राहते. ती बाहेर जेवते. काकू तिला जेवायचा आग्रह करत नाहीत. करतात, पण एकदाच.